समुद्रफुलाची खोली

मी तेवीस वर्षांची असताना दोन बोटभर माशांच्या काळजीनं इतकी घाबरून गेले होते की त्या भीतीपायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. ही गोष्ट मी घरात कधी धड सांगितली नाही. आईला अर्धी माहीत होती, वडिलांना तेवढीही नाही.

मध्य भारत हे राज्य संपून नवा मध्य प्रदेश झाला, त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. तोवर राजधानी निम्मं वर्ष ग्वाल्हेरला आणि निम्मं वर्ष इंदूरला असायची. आता सगळं भोपाळला निघालं होतं. आधी फायली गेल्या, मग कपाटं गेली, मग माणसं. माझे वडील सचिवालयात कारकून होते, तेही गेले आणि तिथं एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहू लागले. ग्वाल्हेरला दाना ओलीतल्या घरात मी आणि आई उरलो.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. नेमणूक अस्थायी. ग्वाल्हेर, इंदूर, रीवा, भोपाळ आणि महाकोशल, सगळीकडच्या नोकरदारांची मिळून एक नवी यादी तयार होत होती. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली आणि कोणाला जागाच नाही, हे त्या यादीवरून ठरणार होतं. इंदरगंजच्या चौराह्यावर भाजी घेताना ओळखीचं कुणी भेटलं तर तब्येत विचारायच्या आधी विचारायचं, "तुमचं काय झालं? ॲब्सॉर्ब झालात का?" म्हणजे नव्या राज्याच्या नोकरीत घेतलं का. मी "अजून नाही" म्हणायचे आणि भाजी घेऊन निघायचे.

अशा दिवसांत आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, ते मासे मागवले. भोपाळहून तपासणीला अधिकारी येणार होते. कुठल्या कॉलेजात वरचे वर्ग ठेवायचे आणि कुठले बंद करायचे, हे ते पाहून ठरवणार होते. सर म्हणाले, "बाटल्यांमधली मेलेली जनावरं सगळ्यांकडेच आहेत. आपल्याकडे समुद्र दाखवू." मुंबईला त्यांचा एक जुना वर्गमित्र होता. त्याच्या ओळखीनं दोन मासे, एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव, आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेले काचेचे मोठे बुधले रेल्वेनं आले. बुधले गवतात गुंडाळलेले होते. मासे घेऊन आलेला माणूस डबा मांडीवर धरून, त्याला स्वतःचं ब्लँकेट पांघरून बसून आला होता. त्यानं डबा माझ्या हातात दिला आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली, "पाणी पंचाहत्तर अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका."

संग्रहालयाच्या मागे एक छोटी खोली होती, तिला एक दार आणि दोन खिडक्या. तिथं लोखंडी चौकटीची काचेची टाकी मांडली, तळाशी दगड आणि प्रवाळाचे मेलेले तुकडे. समुद्रफूल पहिले दोन दिवस ओल्या मातीच्या गोळ्यासारखं पडून होतं. तिसऱ्या दिवशी ते तळाच्या दगडाला चिकटलं आणि उलगडलं. शेकडो जाडसर, मऊ बोटं पाण्यात हलायला लागली. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि उठायचं विसरले.

मासे नारिंगी होते, अंगावर काळ्या कडेचे तीन पांढरे पट्टे. सर त्यांना विदूषक म्हणत. पोहणंही तसंच, डुलत डुलत, जणू कमरेत लचक भरली आहे. दोघांपैकी एक मोठा, एक लहान. समुद्रफुलाच्या प्रत्येक बोटावर विषारी दंशपेशी असतात. दुसरा कुठलाही लहान मासा त्यांना टेकला तर लुळा पडतो आणि ते फूल त्याला ओढून मधल्या तोंडात घालतं. हे दोघं मात्र त्या बोटांत लोळायचे, आत शिरून फक्त डोळे बाहेर ठेवायचे. त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना वाचवतो. नवं फूल मिळालं तर आधी शेपटी लावायची, मग पोट लावायचं, असं करत करत ते स्वतःला त्याची सवय करून घेतात. त्यांना वेगानं पोहता येत नाही. प्रवाळाच्या रांगेत त्यांना गिळायला टपलेले मोठे मासे असतात, म्हणून फुलापासून हातभर लांब गेलं की ते परत फिरतात. त्या बदल्यात फुलाचे लचके तोडायला येणाऱ्या माशांना ते हुसकावून लावतात.

मी त्यांना गांडुळाचे बारीक तुकडे आणि तळ्यातली अगदी लहान मासळी चिरून घालायचे. मोठा मासा एखादा तुकडा तोंडात धरून समुद्रफुलावर नेऊन टाकायचा. घरी गेले की आई दारातच म्हणायची, "आधी हात धू. आणि साडी बदल. तुझ्या अंगाला वास येतोय." मी हात धुवायचे, पण जेवताना डोक्यात एकच आकडा असायचा, पंचाहत्तर.

कारण ग्वाल्हेरची थंडी. टाकीवर लाकडी खोकं उपडं घालून त्यात दोन दिवे लावले होते, त्यांच्या उष्णतेवर पाणी उबदार राहायचं. पण वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. हवेसाठी विजेचा पंप नव्हताच. ट्रकच्या चाकातली ट्यूब फुगवून, तिच्या नळीला चिमटा लावून आम्ही हळूहळू हवा पाण्यात सोडत असू. ट्यूब भरायचं काम दद्दांचं.

दद्दा आमचे लॅब अटेंडंट. पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक. कॉलेजातले सगळे त्यांना दद्दाच म्हणत. रियासतीच्या काळात लागलेले, त्यामुळे काचेची भांडी त्यांच्या हातात जशी राहत तशी कुणाच्याच हातात राहत नसत. रोज सकाळी आणि संध्याकाळी ते ट्यूब आवारात नेऊन पायपंपानं भरत आणि खांद्यावर टाकून आणत. मला ते 'बाईसाहब' म्हणायचे. मला ते आवडायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तपासणीला तीन दिवस उरले होते तेव्हा थंडीची लाट आली. त्या संध्याकाळी वीज गेली ती तासभर आली नाही. पाणी बहात्तरावर उतरलं. समुद्रफुलानं बोटं आत ओढून घेतली, मासे तळाशी दगडाला टेकून राहिले. सर आले, त्यांनी थर्मामीटर उचलून डोळ्यांपाशी धरला आणि म्हणाले, "हे फूल मेलं तर पाणी सडेल आणि एका दिवसात सगळं संपेल. मग त्या लोकांना मी काय दाखवू? रिकामी टाकी?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जाता जाता म्हणाले, "तुझं नाव मी यादीसाठी पाठवलंय. काम बघूनच ठरतं हे सगळं."

दुसऱ्या दिवशी मी अंगीठी आणवली. कोळसे नीट फुलवून खोलीत ठेवली तरी पारा चढेना, कारण दोन्ही खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा. मग मी खळ शिजवली, मासिकांचे जुने अंक आणले आणि खिडक्यांच्या फटी आणि काचासुद्धा कागदांनी चिकटवून बंद केल्या. दाराच्या खालच्या फटीत गोणपाट कोंबलं. दद्दा शिडी धरून उभे होते.

"बाईसाहब, थोड़ी हवा तो रहने दो," ते म्हणाले.

"हवा तर ट्यूबमधून मिळतेच आहे, दद्दा," मी म्हटलं.

मी माशांबद्दल बोलत होते. ते कशाबद्दल बोलत होते, हे मी विचारलं नाही. पुन्हा ते काही बोलले नाहीत. वीज गेली तर लगेच कळावं म्हणून त्यांनी खोलीतच झोपावं असं मी सांगितलं, आणि त्यांनी आपली सतरंजी आणि रजई आणली. अंगीठी रात्रभर जळती ठेवा, हेही मीच सांगितलं. मी विज्ञान शिकलेली होते. बंद खोलीत कोळसा जळला की काय होतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या दिवशी ते मला आठवलं नाही. मला फक्त आकडा दिसत होता.

सकाळी मी कॉलेजात पोचले तेव्हा धुकं होतं आणि खोलीचं दार आतून बंद होतं. मी कडी वाजवली. मग हाक मारली. मग दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून काही नाही. वाटलं, गाढ झोप लागली असेल. खिडकीशी धावले, तर काचेवर मीच चिकटवलेला कागद. आत काय आहे ते दिसेना, आणि दिसू नये अशी व्यवस्था मीच केली होती. तेव्हा एकदम मला सगळं कळलं. 

वाफ्याच्या कडेची एक वीट उचलून मी काच फोडली. कागद फाडला, हात घालून खिडकीची आतली कडी काढली, मनगटावर काच लागली ते नंतर कळलं. तोवर आवाज ऐकून कॉलेजचा माळी धावत आला. तो खिडकीतून आत उतरला आणि त्यानं दार उघडलं. आतून ऊबदार, कोंदट हवेचा लोट आला. धूर नव्हता, वासही फारसा नव्हता. दद्दा सतरंजीवर एका कुशीवर पडलेले, उशीशी उलटी, चेहरा विचित्र लालसर.

आणि इथं मला एक गोष्ट लिहायलाच हवी. दारातून आत पाऊल टाकताना माझी नजर आधी थर्मामीटरवर गेली. सत्याहत्तर. मासे फुलात डुलत होते. एक क्षणभर, अगदी एक क्षणभर, मला बरं वाटलं. मग मी खाली पाहिलं.

माळ्यानं आणि मी त्यांना ओढून व्हरांड्यात आणलं. श्वास चालू होता, पण इतका उथळ की मी तीनदा नाकापाशी हात धरून पाहिला. टांग्यात घालून कंपू भागातल्या हॉस्पिटलात नेलं. वाटभर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी घोडा का पळत नाही म्हणून टांगेवाल्यावर ओरडत होते. माशांच्या पाण्यात सुटणारी हवा बाहेरच्या आवारातली होती, स्वच्छ. ती दद्दांनीच पायानं भरली होती. ते स्वतः मात्र रात्रभर खोलीतली हवा घेत राहिले. हे टांग्यात बसल्या बसल्या लक्षात आलं आणि मला हुंदका आवरेना.

डॉक्टरांनी त्यांना ऑक्सिजन लावला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कमरे में अंगीठी थी? खिड़कियाँ बंद थीं?"

"जी."

"किसने बंद की थीं?"

मी म्हटलं, "बहुत ठंड थी." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग दुसऱ्या रोग्याकडे गेले.

दद्दांची बायको आली. डोक्यावरून पदर घेतलेली, पायात चप्पल नाही. तिनं मला काही विचारलं नाही. उलट मनगटाला लागलेलं पाहून आपल्या पदराची पट्टी फाडून बांधायला लागली. "आपने बचा लिया, बाईसाहब," ती म्हणाली. मी बाकावर बसून ती पट्टी बांधून घेतली. घाबरण्याचे अनेक प्रकार मी त्या हिवाळ्यात पाहिले, पण त्या बाकावरचा प्रकार सगळ्यांत वाईट होता.

दुपारी सर आले. त्यांनी आधी दद्दांजवळ जाऊन कपाळाला हात लावला. त्यांचेही डोळे भरले होते. मग मला व्हरांड्यात बोलावून हळू आवाजात म्हणाले, "उद्या ते लोक येणार आहेत. मला लेखी काहीतरी द्यावं लागेल. थंडी वाजत होती म्हणून त्यांनी स्वतःच खिडक्या लावून घेतल्या, असं लिहू या. खोटं म्हणशील तर फारसं नाही. कडी तर आतून त्यांनीच लावली होती."

"आणि त्यांची नोकरी, सर?"

"ते बरे होऊ देत आधी."

मला कळत होतं. निष्काळजीपणानं स्वतःवर संकट ओढवून घेतलेला, वयस्क, आजारी अटेंडंट. असं नाव नव्या यादीतून काढायला कुणाला कष्ट पडले नसते. आणि मी खरं लिहिलं तर माझं नाव काढायलाही पडले नसते. त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, "काय झालंय? ताटात हात घालून बसलीयेस." मी म्हटलं, एक माणूस आजारी आहे. बाकी सांगायचं धैर्य झालं नाही. वडिलांचं पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं, नोकरी सांभाळ.

दुसऱ्या दिवशी तिघं अधिकारी आले. दद्दा अजून शुद्धीवर नव्हते. मी टाकीपाशी उभी राहिले. तिघांत एक नागपूरकडचे, वयस्क, मराठी बोलणारे. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ही बोटं त्याला डसत नाहीत का हो?"

मी बुळबुळीत थराचं सांगितलं. अंडी फुलाच्या बुडाशी दगडावर घालतात, नर त्यांना आपल्या परांनी वारा घालतो, खराब झालेलं अंडं तोंडानं उचलून टाकतो, तेही सांगितलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. काच फुटलेली, कागदाच्या चिंध्या लोंबत होत्या. "हे काय झालं?"

सर पुढे झाले. "इथं झोपणाऱ्या अटेंडंटनं..."

"खिडक्या मी बंद केल्या होत्या," मी म्हटलं. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "अंगीठीही मीच ठेवायला लावली. त्यांनी सांगितलं होतं हवा राहू द्या म्हणून. मी ऐकलं नाही."

सर टाकीकडे बघत होते. नागपूरच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे लिहून द्याल?"

"हो."

मी तिथंच, प्रयोगवहीच्या कागदावर लिहून दिलं. हात इतका कापत होता की सही वाचता येत नव्हती. ती दुसऱ्यांदा करावी लागली.

दद्दा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. आधी कुणाला ओळखेनात, मग हळूहळू ओळखू लागले. पण हातांना कंप राहिला आणि बोलता बोलता शब्द निसटायला लागले. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. ते उन्हात खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं, काय लिहून दिलं तेही. माफी मागताना मला हिंदी सुचेना, मराठीही सुचेना.

त्यांनी रजई खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाले, "हमें मालूम था, बाईसाहब. कोयले का हमें मालूम था. हमारे गाँव में एक घर ऐसे ही गया था."

"फिर दोबारा क्यों नहीं कहा?"

"डर लगता था," ते म्हणाले. "लिस्ट बन रही थी. आप साहब से कह देतीं कि काम से जी चुराता है, तो?"

मला वाटायचं, घाबरलेली मी आहे. सरांना, यादीला, भोपाळला, आकड्याला. माझीही कुणाला भीती वाटू शकते, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. त्यांची बायको चहा घेऊन आली, तिला काहीच समजेना.

समुद्रफूल त्याच आठवड्यात गेलं होतं. आधी ते दगडावरून सुटलं, मग फिकट पडून गळायला लागलं, पाणी गढुळलं. लहान मासा मेला. मोठा आम्ही वेगळ्या बरणीत काढला, तोही फुलाशिवाय फार दिवस राहिला नाही. तो सारखा बरणीच्या काचेला एकाच जागी अंग घासत राहायचा, जणू तिथं काहीतरी आहे. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की या माशांत मोठी असते ती मादी, आणि ती गेली की तिचा नर स्वतः मादी होतो आणि खालच्या सगळ्यांची एकेक पायरी वर सरकते. आमच्याकडचा मेला तो लहान, म्हणजे नर होता. मादी एकटी उरली होती.

चौकशी झाली. ती मला वाटली होती तेवढी भयंकर नव्हती, पण तिची वाट पाहण्यात गेलेला महिना भयंकर होता. कॉलेजचे वरचे वर्ग राहिले, त्यात माशांचा वाटा किती हे कुणी सांगितलं नाही. माझ्या लेखी जबाबामुळे दद्दांचं दुखणं कामावर असताना आलेलं ठरलं आणि त्यांना काढता आलं नाही. काचेचं काम त्यांच्याकडून होणार नव्हतं, म्हणून त्यांना वाचनालयाच्या दारावर बसवलं. मला ताकीद मिळाली आणि सत्र संपल्यावर शिवपुरीच्या एका मुलींच्या शाळेत बदली झाली. कॉलेजातून शाळेत, म्हणजे खालीच. वडिलांनी विचारलं तेव्हा मी "यादीत तसंच आलं" एवढंच सांगितलं. सरांशी पुढे कधी बोलणं झालं नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला आणि काही म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणीतरी त्यांना हाक मारली.

शिवपुरीला निघाले त्या दिवशी मी आधी वाचनालयात गेले. दद्दा स्टुलावर बसले होते, समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. मला पाहून उभे राहायला लागले, मी हातानं बसवलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि हसून म्हणाले, "दस्तख़त कर दीजिए. अब किसी को बिना दस्तख़त अंदर नहीं जाने देते." मी सही केली. या वेळी हात कापला नाही. मग त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून, बस चुकली तरी चालेल असं ठरवून, मी त्यांच्याशी बोलत राहिले. ते एखादा शब्द विसरले की मी थांबायचे आणि तो त्यांचा त्यांना सापडू द्यायचे.